नंदीचे कान

लग्नाच्या पंगतीत शेजारचा पाहुणा विचारतो, ‘काय करत होता?’ मी ‘पाटबंधारे’ म्हणालो की त्याचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो: ‘मग आमच्या रानात पाणी कुठं लागंल, सांगा की.’ जमिनीखालचं पाणी सांगणारा पानाड्या वेगळा आणि मी वेगळा, हे समजावून सांगेपर्यंत मठ्ठा येतो. म्हणून हल्ली मी ‘सरकारी नोकरीत होतो’ एवढंच सांगून भात कालवायला घेतो.

माझं काम नदीच्या पाण्याचं. नदी सगळ्यांची असली, तरी तिच्यातलं पाणी पंप लावून रानात न्यायचं तर सरकारचा परवाना लागतो. जमीन किती भिजवणार, पंप किती अश्वशक्तीचा, विहीर काठावर नेमकी कुठं बांधणार, हे अर्जात लिहायचं. मग आमच्यापैकी कुणीतरी जागेवर जाऊन बघायचं. एवढं पाणी उचललं तर नदीत काय उरतं, खालच्या गावाचं पिण्याचं तुटत नाही ना, हे त्या एकट्यानं नदीकाठी उभं राहून ठरवायचं. नियम असा की त्यासाठी दोन-तीन उन्हाळ्यांतली पातळी बघावी. मग कागद वर जायचा. वर म्हणजे किती वर, हे मला निवृत्त होईपर्यंत कळलं नाही. परवाना हातात आल्याशिवाय वीज जोडणी नाही. तोवर अर्जदार काठावर उभा राहून वाळणाऱ्या उसाकडं आणि वाहणाऱ्या पाण्याकडं आळीपाळीनं बघत राहायचा.

मी साधा शाखा अभियंता, पण आमच्याकडं नदीकाठी खात्याच्या माणसाला ‘रावसाहेब’ म्हणतात. पगार वाढत नाही, पण मान ताठ राहते.

जोतिबाच्या डोंगरावर नारळ-गुलालाचं दुकान असलेले एक गृहस्थ आमचे कायमचे अर्जदार होते. त्यांचं रान खाली नदीकाठी. दर खेपेला ते नारळाची पिशवी घेऊन यायचे. अर्ज काही हलला नाही, पण आमच्या ऑफिसातल्या कुणाच्याही घरी चटणीला खोबरं कमी पडलं नाही. शेवटी ते वैतागून म्हणाले, “रावसाहेब, देव एका नारळात पावतोय. तुमच्या हापिसात मी निम्मा डोंगर रिकामा केला.”

आम्ही हसलो. हसण्यासारखं खरं तर नव्हतं.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी आमच्याकडं नवे मोठे साहेब आले. खानदेशातले. आल्या आल्या त्यांनी फायलींचं कपाट उघडायला लावलं आणि एक अर्ज वाचून मला विचारलं, “हा अर्जदार जिवंत आहे का?”

नव्हता. पंधरा-वीस घरांनी मिळून केलेल्या उपसा योजनेचा तो अर्ज होता. ज्यांनी सही केली ते वारले होते. त्यांचे चिरंजीव बाबूअण्णा आता हेलपाटे घालत होते आणि त्यांच्याही मिशा पिकायला लागल्या होत्या.

“पाऊस पडायच्या आत या कपाटातल्या सगळ्या अर्जांचा निकाल लागला पाहिजे,” साहेब म्हणाले. “हो म्हणा, नाही म्हणा. पण माणूस मेल्यावर हो म्हणू नका.”

माणूस खरं बोलत होता. माझी अडचण एवढीच की तीन उन्हाळ्यांचं काम एका वैशाखात उरकायचं होतं. पातळीच्या नोंदी नसताना ‘एवढं पाणी उचला’ असं सांगणं म्हणजे दुसऱ्याच्या घरातल्या कोठीत धान्य किती, हे अंगणातून सांगण्यासारखं.

बाबूअण्णांच्या गावाचं नाव लिहीत नाही. कुरुंदवाडकडं जाताना पंचगंगेच्या काठी आहे, एवढं पुरे. त्या गावात दिवाळी अंक वाचतात आणि मला अजून तिथं जेवायला जायचं असतं.

मी गेलो तेव्हा सकाळची उन्हं नुकती वर आली होती. दोन्ही काठांवर जुनी इंजिनं धडधडत होती. परवाने आधीच्या पिढीचे, काही बिनपरवान्याचेही. आपलं बोलणं आपल्यालाच ऐकू येईना. बाबूअण्णांनी मला गावाबाहेर एका वळणावर नेलं. तिथं काठ उंच आणि तुटका आहे, खाली मोठा डोह. काठावर महादेवाचं लहान देऊळ, दारात घंटा. देवळापासून खाली पाण्याकडं दगडी पायऱ्या उतरतात. पहिल्याच पायरीशी बाबूअण्णा थांबले आणि नदीकडं पाठ करून उभे राहिले.

“इथनं म्होरं तुमी अय्यांसंगं जावा. आमी बघत न्हाय.”

“काय बघत नाही?”

“डोहात नंदी हाय. पाणी लई उतरलं की त्येचं कान उघडं पडत्यात. उघडा पडल्याला नंदी गावानं बघायचा न्हाय. अय्यांनीच बघायचा.”

“का?”

“घरातलं म्हातारं माणूस उघडं पडलं तर तुमी बघत बसतासा व्हय, रावसाहेब?”

अय्या म्हणजे मल्लय्या, त्या देवळाची पूजा करणारे जंगम. शिडशिडीत म्हातारे, कपाळभर भस्म, आवाज इतका हळू की त्या गावात जन्मले यावर विश्वास बसू नये. त्यांच्या घराण्याकडं एकच काम पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. पाणी उतरायला लागलं की रोज सकाळी अंघोळ करून पायऱ्या उतरायच्या, डोहात बघायचं. कान दिसले की वर येऊन घंटा वाजवायची. घंटा झाली की दोन्ही काठांवरचा उपसा बंद. पूर्वी मोटा थांबायच्या, आता इंजिनं. वरच्या धरणातून पाणी सुटून कान परत झाकेपर्यंत कुणी थेंब उचलायचा नाही. ना कुठला हुकूम, ना दंड.

मी सरकारी माणूस, मला गावाचा नियम लागू नव्हता. मी अय्यांच्या मागोमाग खाली उतरलो.

डोहाच्या मधोमध पाण्यावर दोन काळे दगड होते. तळहाताएवढे, ओले, वरती निमुळते. लाट आली की झाकायचे, लाट गेली की पुन्हा वर. बस, एवढंच. पण खाली हिरव्या अंधारात हे कान ज्याचे आहेत ते अख्खं जनावर उभं आहे आणि आपण काठावर काय बोलतो ते ऐकतं आहे, असं वाटून मी घसा खाकरायचंही टाळलं.

“आजच दिसलं,” अय्या पुटपुटले आणि वर गेले.

घंटा तशी मोठी नव्हती. पण ती वाजली आणि जवळचं इंजिन थांबलं. मग त्याच्या पलीकडचं, मग समोरच्या काठावरचं. आवाज एकेक करून लांब लांब विझत गेला. शेवटचं इंजिन थांबल्यावर जी शांतता पडली ती मला सोसवेना. आणि त्या शांततेत डोहातून आवाज आला. गटक. थोडं थांबून पुन्हा गटक, गटक. मोठं तहानलेलं जनावर पाणी पितं तसा.

“प्याला लागला,” अय्या म्हणाले. “आपुन थांबलो की त्यो पितोय.”

मी अभियंता. पाइपाच्या पाण्यातल्या टोकाला झडप असते, ती जुनी झाली की इंजिन थांबल्यावर पाइपातलं पाणी परत नदीत उतरतं आणि उतरताना असा आवाज करतं, हे मी त्यांना नीट समजावून सांगितलं.

“असंल की,” ते म्हणाले. एवढ्या सहज कबूल केल्यामुळं मला माझंच बोलणं पोकळ वाटायला लागलं.

परतीच्या एसटीत मला माझ्या अडचणीचा तोडगा सापडला. तीन उन्हाळ्यांच्या नोंदी नव्हत्या, पण पिढ्यांची खूण होती. मी साहेबांना म्हणालो, सगळे परवाने देऊन टाकू. अट एकच घालू: डोहातल्या नंदीचे कान उघडे पडताच उपसा बंद.

साहेबांनी चष्मा काढला. “परवान्यात देव घालता?”

“देव नाही साहेब, दगड. आपण पातळीची पट्टी रोवली, तरी तिच्यावरचा आकडा कुणी ऐकणार नाही. या दगडाचं सगळं गाव ऐकतं.”

त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, “ऊसही जगेल, नदीही जगेल. लिहा.” आणि त्या उन्हाळ्यातच परवाने सुटले. बाबूअण्णांनी परवाना वडिलांच्या फोटोला लावून मग घडी घालून खिशात ठेवला. नारळवाल्यांचाही सुटला, ते तर पेढे घेऊन आले.

अट अशी पाळली गेली की मी मनातल्या मनात फुशारून गेलो. उन्हाळ्यात घंटा व्हायची, नवे पंप, जुनी इंजिनं सगळी थांबायची. साहेब बैठकांत ही गोष्ट सांगायचे आणि त्यात माझं नाव घ्यायचे. पुढं त्यांची बदली झाली. मी अधूनमधून त्या गावाला जायचो. पुलाजवळ काठावर वाळूचे ढीग वाढलेले दिसायचे, ट्रकांची रांग दिसायची, डोहाच्या वरच्या अंगाला होड्या दिसायच्या. पण वाळूचा लिलाव महसूल खात्याचा आणि पाणी आमचं. मी ढिगांना वळसा घालून पुढं जायचो.

मग दोन हजारनंतरच्या एका वर्षी पावसानं दगा दिला. उन्हाळ्यात एक दिवस ऑफिसात एक बाई आल्या. मल्लय्यांची लेक. कबनूरला दिलेली, नवरा यंत्रमागावर कामाला. डोळे सुजलेले.

“रावसाहेब, आप्पांनी जेवान सोडलंय. गाव म्हणतंय, अय्याचं हात वलं झाल्यात. पंपवाल्यांकडनं खाल्लं आन घंटा दाबून ठेवली. तुमी तरी येऊन बघा की. आप्पा खोटं बोलत न्हाईत वो.”

मी त्याच दिवशी गेलो. लांबूनच पंपांचा आवाज आला आणि पाठोपाठ वास. नदीवरच्या बंधाऱ्याच्या खाली मासे पोट वर करून पडले होते. काठावरच्या पिण्याच्या विहिरीत बादली तळाला आपटत होती. देवळाच्या पायऱ्या तर मी पूर्वी पाहिल्या त्याच्याही खाली उघड्या पडल्या होत्या. शेवाळ वाळून काळं झालेल्या. म्हाताऱ्यांनीही त्या पायऱ्या कधी पाहिल्या नव्हत्या. आणि घंटा वाजली नव्हती.

बाबूअण्णा वाटेतच भेटले. त्यांचा चेहरा उतरला होता, पण बोलणं कडक.

“रावसाहेब, परवान्यात काय लिवलंय? कान. घंटा न्हाय तवर आमी कायद्यात हाय. माझं येकट्याचं न्हाय, पंधरा-वीस घरांचं पीक हाय. मी कुणाच्या हातावर येक पैसा ठेवल्याला न्हाय, नंदीची आन.”

मल्लय्या देवळात भिंतीला टेकून बसले होते. मला बघून उठलेही नाहीत.

“रोज बघतोय. न्हाईत. कान न्हाईत,” ते म्हणाले. मग माझा हात धरून, आणखी हळू आवाजात: “गेला आसंल का वो त्यो? माझ्यावर रुसून?”

गावात तेच चाललं होतं. कुणी म्हणे नंदी गाव सोडून गेला, कुणी म्हणे खाली बसला. लहान पोरांना डोहाकडं जायची बंदी झाली होती. माझ्याही पाठीतून शिरशिरी गेली, खोटं कशाला सांगू? पाणी पुरुषभर उतरतं आणि पाण्यातला दगड वर येत नाही, हे माझ्या कुठल्याच पुस्तकात नव्हतं.

मी तपासणीसाठी म्हणून तासभर पंप बंद करायला लावले. गुऱ्हाळातली एक जुनी काहील आणवली. गूळ शिजवायची ही मोठी कढई आमच्याकडं नदीत होडीसारखी वापरतात. तिला पुढं-मागं नसतं. वल्हवलं की ती स्वतःभोवती फिरते. भर दुपारी मी आणि अय्या त्या काहिलीत बसून डोहाच्या मधोमध गेलो. वर उन्हाचा जाळ, पण पाण्यावर गारठा होता. काहील हळूहळू गोल फिरत होती. देऊळ डोळ्यासमोरून जायचं, समोरचा काठ जायचा, पुन्हा देऊळ. आणि मग खालून, अगदी आमच्या बुडाखालून आवाज आला. गटक. गटक.

परवाने देताना सगळ्या पंपांना नव्या झडपा बसवून घेतल्या होत्या. मीच तपासल्या होत्या. तो विचार मी तिथल्या तिथं बाजूला ठेवला आणि हातातला बांबू पाण्यात सोडला.

बांबू खाली जात राहिला. गाळ लागेना, वाळू लागेना. जवळजवळ सगळा बुडाल्यावर टोकाला टक्‌ झालं. दगड. थोडा सरकवला, पोकळ. पुन्हा टक्‌. दोन टोकं, मधे वीतभर अंतर.

अय्यांनी काहिलीच्या काठाला धरून पाण्यात अंग सोडलं. बांबू धरून पार खाली, दिसेनासे होईपर्यंत गेले. मी नुसता बुडबुड्यांकडं बघत राहिलो. वर आले तेव्हा ते रडत होते की पाणी निथळत होतं, कळलं नाही.

“हाय,” ते म्हणाले. “हाय की. पायाला कान लागलं. पर त्येच्या पायाखाली जमीनच न्हाय, रावसाहेब. खाली खाली चाललाय.”

मग मला पुलाजवळचे ढीग दिसले. म्हणजे ते रोजच दिसत होते. वरच्या होड्यांनी डोहाची वाळू ओढून नेली होती आणि नंदी आपल्या वजनानं खड्ड्यात उतरत गेला होता. पाणी जेवढं उतरलं त्याहून जास्त तो उतरला. गाव इमानानं त्याचे कान बघत राहिलं आणि नदी मरत राहिली. वाळूच्या परवान्यावर एका खात्याचा शिक्का, पाण्याच्या परवान्यावर आमचा. दोन्ही कागद बरोबर होते.

काठाला लागल्यावर पायरीवर बसून मी अय्यांना खरं काय ते सांगितलं. उपसाबंदीचा हुकूम माझ्या हातात नव्हता. परवान्यात कान लिहिले होते. अट बदलायची तर फाईल वर जाणार. पाणी उचलायची परवानगी आम्ही भरभर करून ठेवली होती, पण थांबवायची परवानगी अजून जुन्याच चालीनं यायची. ती येईपर्यंत पाऊस आला असता आणि तोवर डोहात ओंजळभर पाणी राहिलं नसतं.

“आन गावाला सांगितलं, नंदी बुडाला म्हणून?”

“तर मग अट उरतच नाही.”

त्यांनी धोतराचा ओला सोगा पिळला. ज्या माणसावर खरं बोलल्याबद्दल गाव थुंकत होतं, तो आता काय करणार ते मला त्यांच्या उठण्यावरूनच कळलं. ते पायऱ्या चढून वर गेले आणि त्यांनी घंटा वाजवली. नेहमीपेक्षा जास्त वेळ.

बाबूअण्णा धावत आले. वरच्या पायरीशी येऊन थबकले. दोन पावलं पुढं टाकून मान वळवली असती तर अख्खा डोह समोर होता. त्यांनी पाठ केली.

“अय्या, कान दिसलं?”

“दिसलं,” मल्लय्या म्हणाले.

बाबूअण्णा माझ्याकडं वळले. त्यांच्या कपाळावरून घाम ओघळत होता. त्या एका शब्दावर पंधरा-वीस घरांचा ऊस जाणार होता. “रावसाहेब, तुमी संगट व्हतासा. तुमी बघितलं?”

सरकारी नोकरीत माणूस ‘पाहून सांगतो’ म्हणायला शिकतो. मी म्हणालो, “दिसले.”

त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, तोंड पुसलं आणि जाऊन आपला पंप सगळ्यांत आधी बंद ठेवला. मग बाकीच्यांनी. त्या वर्षी त्यांचा निम्मा ऊस वाळला. पण थोड्या दिवसांत विहिरीला पाणी चढलं आणि गाव अय्यांच्या पाया पडायला गेलं. त्यांनी कुणाला पाया पडू दिलं नाही. त्यानंतर घंटेलाही कधी हात लावला नाही. मला ते टोचतं. त्यांची आयुष्यभराची खरी घंटा माझ्या अटीपायी खोटी झाली.

पुढं पुलाच्या खांबावर पातळी दाखवणारी रंगीत पट्टी आली, परवान्यांतली अट बदलली, डोहाजवळची वाळू काढणं थांबलं. काही वर्षं तरी. मल्लय्या गेले. मी निवृत्त झालो.

मध्यंतरी एका लग्नाच्या पंगतीत शेजारी येऊन बसले ते नेमके बाबूअण्णा. आता काठी टेकतात. गुलाबजाम वाढून झाल्यावर ते माझ्या कानाशी वाकले.

“रावसाहेब, येक सांगायचं ऱ्हायलंय. त्या दिवशी, घंटा झाल्यावर, तुमी दोघं गेल्यावर मी म्हागारी आलतो. राग आलता मला. म्हणलं, बघायचंच. गावाचा नेम मोडला मी.”

माझा घास हातातच राहिला. “मग?”

“मग काय. दिसलं की. दोन कान, काळंभोर, वलं. मी बघतोय न्हवं का, तर माझ्याकडं वळलं.” त्यांनी माझा हात घट्ट धरला. “अय्या गेलं, कुणाला इचारणार? तुमी तर बघितलंतासा. खरं न्हवं?”

त्या दिवशी त्याच्या तासभर आधीच मी त्याच कानांना सबंध बांबू घालून तळात चाचपलं होतं. वाढपी मठ्ठा घेऊन समोर उभा होता. बाबूअण्णा माझ्या तोंडाकडं बघत होते.

“खरं,” मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार? साक्ष मी केव्हाच देऊन बसलो होतो.